जुना ट्रॅक्टर चालू होत नाहीं : डिझेल कोठें अडलें हें कसें ओळखावें

मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वाफसा आला म्हणजे पेरणीचे दिवस फार थोडे हातीं असतात. अशा वेळीं चार महिने गोठ्याशेजारीं उभा असलेला, पंचवीस-तीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर सेल्फ मारूनहि चालू होत नाहीं, तेव्हां जो तो आपल्या समजुतीप्रमाणें उपाय सुचवूं लागतो. कोणी तो दुसऱ्या ट्रॅक्टरनें ओढून पाहावा म्हणतो, कोणी हवेच्या तोंडांत ईथरचा फवारा मारतो. आणि दोन-तीन तास असे गेल्यावर ‘पंप गेला’ असा निर्णय होऊन इंजेक्शन पंप खोलून तालुक्याच्या गांवीं रवाना होतो. तेथें तो आठ दिवस अडकून पडतो, हजारों रुपयांचें बिल होतें, आणि इतकें करून पंप परत बसविल्यावर असें दिसून येतें कीं ट्रॅक्टर आहे तसाच आहे. कारण दोष पंपांत नव्हताच, तो टाकीच्या झांकणांत किंवा एखाद्या चिरलेल्या रबरी नळींत होता. इंजेक्शन पंप हा डिझेलच्या वाटेवरील सर्वांत महाग भाग असून त्याच्यावर संशय मात्र सर्वांत शेवटीं घ्यावा, असें आमचें मत आहे. तें कां, हें पुढें येईलच.

येथें जें सांगावयाचें आहे तें यांत्रिक इंजेक्शन पंप असलेल्या जुन्या धर्तीच्या इंजिनांविषयींच आहे. असे पंप जर्मनींत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर काढले, आणि आपल्याकडे १९५१ सालीं बंगळूर येथें निघालेल्या मायको कंपनीनें ते देशांतच तयार केले. (या कंपनीचें नांव २००८ पासून बॉश लिमिटेड असें आहे.) विहिरीवरील जुन्या डिझेल इंजिनासहि यांतील बहुतेक विवेचन लागू पडेल. परंतु १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस धुराचे जे कडक नियम लागू झाले, त्यामुळें त्या वर्गांत कॉमन रेल पद्धतीचीं इंजिनें आलीं आहेत. त्यांच्या नळ्यांत हजार वातावरणांहूनहि अधिक दाब असतो. त्या नळ्यांचा नट पान्यानें सैल करून पाहणें जिवावर बेतूं शकतें. तेव्हां पुढील रीति तेथें मुळींच वापरूं नयेत.

डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाहीं. सिलिंडरांत ओढलेली हवा मूळ आकाराच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते व त्या दाबानेंच इतकी तापते कीं तींत डिझेलचा धुक्यासारखा बारीक फवारा उडतांच तो आपोआप पेट घेतो. हा फवारा उडण्यासाठीं नोझलपाशीं सुमारें २०० वातावरणांचा दाब यावा लागतो. आतां एका फवाऱ्यांत डिझेल तें किती असतें? तीन सिलिंडरांचें इंजिन मिनिटास २००० फेरे घेत असून कामावर तासाला ७ लिटर डिझेल खात आहे असें धरूं. प्रत्येक सिलिंडरास दोन फेऱ्यांत एकदां डिझेल मिळतें. म्हणजे तासाला १,८०,००० फवारे झाले, आणि एका फवाऱ्याच्या वांट्यास सुमारें ३९ घन मिलिमीटर डिझेल आलें. पाण्याचा साधा थेंबहि याहून थोडा मोठाच असतो.

हें माप ध्यानांत ठेवलें म्हणजे हवा शिरल्यानें इंजिन कां अडतें याचा उलगडा होतो. चार मिलिमीटर व्यासाच्या ज्वारीच्या दाण्याचें आकारमान सुमारें ३३ घन मिलिमीटर भरतें. तेवढा एक बुडबुडा पंप व नोझल यांमधील नळींत राहिला, तर पंपाचा दट्ट्या डिझेल पुढें लोटण्याऐवजीं तो बुडबुडाच दाबीत बसतो. दट्ट्या मागें सरतांच बुडबुडा पूर्ववत् फुगतो. नोझलच्या सुईस उचलण्याइतका दाब कधीं येतच नाहीं. पंप उत्तम, नोझल उत्तम, टाकी भरलेली, आणि तरीहि इंजिन मुकें! मिस्त्री लोक यास ‘गाडीनें एअर घेतली’ म्हणतात, तें अगदीं यथार्थ आहे.

धुराची साक्ष

पाना हातीं घेण्यापूर्वीं एक परीक्षा करावी. तिला एक पैसाहि पडत नाहीं. एकानें दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारावा व दुसऱ्यानें धुराड्याच्या तोंडाकडे पाहावें. पांढरा किंवा करडा धूर निघाला, व त्यास कच्च्या डिझेलचा वास आला, तर डिझेल सिलिंडरापर्यंत पोंचत आहे, परंतु पेटत नाहीं, असें समजावें. मग टाकी, नळ्या, फिल्टर यांच्या मागें लागण्यांत अर्थ नाहीं. बॅटरी उतरल्यामुळें इंजिन मंद फिरत आहे काय, हवेचा फिल्टर कोंदला आहे काय, हवा तापविणारा हीटर बंद आहे काय, डिझेलमध्यें पाणी मिसळलें आहे काय, हें पाहावें. हें सर्व ठीक असतां पांढरा धूर येतच राहिला, तर नोझल थेंब गाळीत असावें किंवा रिंगा व व्हॉल्व्ह झिजून दाब कमी पडत असावा. जुन्या ट्रॅक्टरांत यांपैकीं उतरलेल्या बॅटरीचा वांटा लोक समजतात त्याहून फार मोठा आहे. इंजिन जितकें सावकाश फिरेल तितकी दाबलेली हवा थंड पडण्यास अवकाश मिळतो, आणि पेट घेण्याइतकी उष्णता राहत नाहीं.

धूर मुळींच न दिसला तर मात्र डिझेल वाटेंत कोठें तरी अडलें आहे. आमचा पुढील सर्व मजकूर या दुसऱ्या प्रकाराविषयीं आहे. असा ट्रॅक्टर ओढून चालू करण्याचा प्रयत्न व्यर्थ होय. आंत डिझेलच येत नसेल तर मैलभर ओढला तरी काय पेटणार? उलट डिझेलावरच ज्याचें वंगण चालतें तो पंप तितका वेळ कोरडा घासला जातो. ईथरविषयीं एवढेंच सांगतों कीं, ज्या इंजिनास हवेच्या वाटेंत तापतार किंवा ज्योतीचा हीटर बसविलेला आहे, त्यांत ईथर मारणें म्हणजे स्फोटास निमंत्रण होय.

टाकीपासून निघून वाटेवाटेनें

पहिली गोष्ट म्हणजे इंजिन बंद करण्याचा खटका. ओढून बंद केलेला खटका गंजलेल्या तारेमुळें कित्येकदां तसाच अडकून राहतो. चालकानें समोरची मूठ आंत ढकलली तरी पंपावरचा दांडा जागचा हालत नाहीं. म्हणून मुठीकडे न पाहतां पंपावरचा दांडाच हातानें चाळवून पाहावा. नंतर टाकीखालचा नळ उघडा आहे कीं नाहीं तें पाहावें. डिझेल दाखविणाऱ्या कांट्यावर जुन्या ट्रॅक्टरांत विश्वास ठेवूं नये. स्वच्छ काठी टाकींत बुडवून माप घ्यावें.

टाकीच्या झांकणास एक बारीक भोंक असतें. डिझेल जसजसें खर्च होईल तसतशी त्या वाटेनें हवा आंत यावी, हा त्याचा हेतु. धूळ व डिझेल यांचा चिखल बसून तें बुजलें म्हणजे टाकींत पोकळी निर्माण होते व डिझेल खालीं उतरेनासें होतें. याची ओळख सोपी आहे. ट्रॅक्टर वीस-पंचवीस मिनिटें नीट चालतो, मग धापा टाकून बंद पडतो, आणि तासाभरानें पुन्हां सुरू होतो. अशा वेळीं झांकण सैल करतांच हवा आंत ओढल्याचा आवाज आला तर रोग सांपडला. जुनें झांकण हरवल्यावर दुसऱ्याच गाडीचें घट्ट झांकण आणून बसविणारे पुष्कळ आहेत. त्यांनीं भोंकाचा विचार केलेला नसतो.

आतां पाणी. डिझेल पाण्याहून हलकें असल्यामुळें टाकींतील पाणी तळाशीं बसतें, आणि डिझेल घेणारी नळीहि तळाजवळूनच निघते. अर्धी रिकामी टाकी रात्रभर थंड झाली म्हणजे आंतील हवेंतला ओलावा पत्र्यावर दंवासारखा जमतो व खालीं ओघळतो. पाणी व डिझेल जेथें भेटतात तेथें एक प्रकारचे सूक्ष्म जंतु वाढून काळपट, बुळबुळीत शेवाळासारखा गाळ तयार होतो. महिनोगणती उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टराच्या फिल्टरांत हाच गाळ आढळतो. म्हणून काम संपल्यावर सायंकाळींच टाकी भरून ठेवावी. सकाळीं भरण्याची वहिवाट उलटी आहे. फिल्टरखालच्या वाटींतील अथवा तळच्या स्क्रूवाटे निघणारें डिझेल कांचेच्या स्वच्छ बाटलींत धरून पांच-दहा मिनिटें स्थिर ठेवावें. खालीं वेगळा थर दिसला तर तें पाणी होय. असें पाणी नोझलपर्यंत गेलें तर तेथील आरशासारखे घासलेले भाग गंजतात, म्हणून थर दिसतांच टाकी तळापासून रिकामी करून धुवावी.

टाकीपासून फीड पंपापर्यंतची वाट ही ओढीची वाट आहे, व फीड पंपापासून पुढची दाबाची. हा भेद समजला नाहीं म्हणजे मनुष्य दिवसभर चाचपडतो. दाबाच्या वाटेवर गळती असेल तर डिझेल बाहेर पाझरतें, धूळ चिकटून काळा डाग पडतो, आणि दोष डोळ्यांस दिसतो. ओढीच्या वाटेवर मात्र इंजिन फिरत असतां नळींतून डिझेल बाहेर येण्याऐवजीं बाहेरची हवाच आंत ओढली जाते. नळी वरून कोरडी ठणठणीत दिसते, आणि तोच खरा दोषी असतो. उन्हानें ताठलेली रबरी नळी, दबून चपटा झालेला तांब्याचा वायसर, उंदरानें कुरतडलेला भाग, एकदां काढून पुन्हां तसाच बसविलेला जोड, अशीं हीं ठिकाणें होत.

येथें संशयनिवृत्तीचा एक खात्रीचा उपाय आहे. पांच लिटरचा स्वच्छ डबा घेऊन त्यांत गाळलेलें डिझेल भरावें, तो फीड पंपाहून उंच जागीं पक्का बांधावा, आणि टाकीची नळी सोडून त्या डब्यापासून नव्या नळीनें डिझेल थेट फीड पंपास द्यावें. हवा काढल्यावर इंजिन या डब्यावर सुरू झालें व अर्धा तास न अडखळतां चाललें, तर दोष टाकी व तिची नळी यांतच आहे. पुढच्या कोणत्याहि भागास हात लावण्याचें कारण नाहीं. डब्यावरहि चाललें नाहीं तर टाकी निर्दोष ठरली नसली तरी शोध पुढें नेला पाहिजे. अर्ध्या तासाचें हें काम न करतां पंप खोलणें म्हणजे नाडी न पाहतां पोट फाडण्यासारखें आहे.

फीड पंपास हातानें डिझेल चढविण्याचा दांडा किंवा मूठ असते. दांडा ढिला लागून डिझेल चढत नसेल तर लगेच पंप वाईट ठरवूं नये. पडद्याच्या पंपांत इंजिनाचा कॅम नेमका उचललेल्या स्थितींत थांबलेला असला तर दांड्यास चाल मिळत नाहीं. इंजिन एक फेरा फिरवून पुन्हां हालवून पाहावा. याच पंपांत पडदा फाटला तर दुहेरी अनर्थ होतो. डिझेल पुढें जात नाहीं, व तें पडद्यांतून झिरपून इंजिनाच्या ऑईलमध्यें उतरतें. ऑईल मोजण्याची पट्टी काढावी. ऑईल न घालतां त्याची पातळी वाढलेली असली, तें पातळ लागत असलें व त्यास डिझेलचा वास येत असला, तर इंजिन एक क्षणहि चालवूं नये. अशा ऑईलावर बेअरिंगें जळतात, आणि मग होणाऱ्या खर्चापुढें पंपाचा खर्च कांहींच नव्हे. ऑईल वाढलें म्हणून आनंद मानणारा मालक विरळा असेल, पण दुर्लक्ष करणारे बरेच असतात.

फिल्टरांविषयीं थोडकेंच सांगतों. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांस एकामागें एक असे दोन असतात. ते बदलण्याची मुदत ट्रॅक्टराच्या पुस्तकांत दिलेली असते ती पाळावी. मात्र धुळींत काम करणारानें व पिंपांतून डिझेल भरणारानें त्या मुदतीची वाट पाहूं नये. कागदी फिल्टर डिझेलनें धुवून परत बसविणें ही काटकसर नव्हे, कारण धुतांना बाहेरचा मळ आंतल्या बाजूस जातो व तेथून सरळ पंपांत.

हवा काढण्याची रीत

टाकी भरून नळ उघडावा. आरंभ टाकीच्या बाजूनें करावा, म्हणजे आधीं पहिला फिल्टर, मग दुसरा, मग इंजेक्शन पंप. प्रथम त्या जागा ब्रशनें व डिझेलनें स्वच्छ धुवाव्यात. पहिल्या फिल्टरावरचा हवेचा स्क्रू दोन फेरे सैल करून फीड पंपाचा दांडा हातानें चालवीत राहावें. आरंभीं फेंस येईल, मग बुडबुडे, आणि शेवटीं अखंड निर्मळ धार. धार चालू असतांनाच स्क्रू आंवळावा. दांडा थांबवून मग आंवळला तर हवा पुन्हां आंत शिरते, आणि बहुतेकांचें चुकतें तें येथेंच. हाच क्रम दुसऱ्या फिल्टरास व नंतर पंपावरच्या स्क्रूस लावावा. कितीहि वेळ दांडा चालविला तरी बुडबुडे येतच राहिले, तर ओढीच्या वाटेवर भोंक आहे असें निश्चित समजावें व डब्याची परीक्षा करावी.

यानंतर नोझलांकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट नोझलच्या बाजूस एकेक फेरा सैल करावेत, खटका चालू ठेवावा, व सेल्फ मारावा. प्रत्येक नळीच्या तोंडाशीं डिझेल ठिबकूं लागतांच नट आंवळावेत. इंजिन बहुधा शेवटचा नट आंवळण्यापूर्वींच धडपडत सुरू होतें. सेल्फ एका वेळीं पंधरा सेकंदांहून अधिक मारूं नये, व मध्यें मिनिटभर विसांवा द्यावा.

इंजिन सुरू झालें, पण एका पायानें लंगडत आहे, अशी स्थिति असेल तर तें चालू असतांना एकेका नळीचा नट किंचित् सैल करून पाहावा. ज्याचा नट सैल करतांच इंजिनाची गति उतरते तो सिलिंडर काम करीत आहे. ज्याच्या बाबतींत फरक पडत नाहीं त्याचें नोझल तपासणीस द्यावें. नट चिंधी धरून व चेहरा दूर ठेवूनच सैल करावा, आणि नोझल बाहेर काढून ‘फवारा कसा येतो’ हें तळहात पुढें करून पाहण्याचा खेळ कधींहि करूं नये. २०० वातावरणांच्या दाबाचा फवारा कातडी भेदून आंत शिरतो. जखम टांचणी टोचल्याएवढी दिसते, आरंभीं दुखतहि नाहीं, परंतु आंत शिरलेलें डिझेल मांस सडवितें व बोट किंवा हात कापण्याची पाळी येते. असें घडल्यास दुखण्याची वाट न पाहतां त्याच तासीं शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयांत जावें, आणि दाबाचें डिझेल टोचलें आहे असें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें. नुसती ‘जखम’ म्हटली तर मलमपट्टी होऊन वेळ जातो.

आतां पंपाकडे येऊं. फिल्टरापासून निर्मळ धार येत आहे, पंपांत हवा नाहीं, खटका मोकळा आहे, आणि तरीहि सेल्फ मारतांना नळ्यांच्या सैल तोंडांशीं कांहींच येत नाहीं, तेव्हांच पंपावर आरोप ठेवावा. पंपाचा दट्ट्या व त्याची नळी यांमध्यें केवळ दोन-तीन मायक्रॉनांची फट असते. माणसाचा केंस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. इतक्या नाजूक बसविलेल्या वस्तूस घाण, पाणी व वंगणाचा अभाव हे तीन शत्रु. डिझेलमध्यें स्वस्तांतलें रॉकेल मिसळणें म्हणजे तिसऱ्या शत्रूस घरांत घेणें होय, कारण रॉकेलचा वंगणगुण डिझेलहून कमी आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळूं लागलेल्या भारत स्टेज सहाच्या डिझेलांत गंधक दहा लक्ष भागांत दहाच भाग असतें. गंधक काढण्याच्या क्रियेंत कमी होणारा वंगणगुण शुद्धीकरण कारखाने वेगळें द्रव्य घालून भरून काढतात, तेव्हां चांगल्या पंपावरचें डिझेल जुन्या ट्रॅक्टरास चालतें. पिंपांतील डिझेल वापरावयाचें असेल तर पिंप हालविल्यावर निदान एक दिवस स्थिर ठेवावें, तळाचें चार बोटें डिझेल सोडून वरचें घ्यावें, आणि धागे सुटणाऱ्या सुती फडक्यानें न गाळतां बारीक जाळीच्या गाळणीनें गाळावें.

पंप खोलावयाचाच झाला तर काढण्यापूर्वीं त्याचा फ्लँज व इंजिन यांवर मिळून एक सरळ ओरखडा करून ठेवावा, म्हणजे परत बसवितांना डिझेल सोडण्याची वेळ चुकत नाहीं. सुटलेल्या सर्व तोंडांना लगेच स्वच्छ बुचें लावावीं. कागदाचे बोळे व मातकट चिंध्या कोंबूं नयेत. ज्या पंपांत स्वतंत्र ऑईल असतें त्याची पातळी पाहून ती नोंदवावी. पंपाबरोबर एक चिठ्ठी द्यावी आणि तींत धूर कसा होता, डब्यावर काय झालें व कोणत्या नळीस डिझेल आलें नाहीं, एवढें लिहावें. नोझलें काढलेलीं असतील तर तीं कोणत्या सिलिंडराचीं हें चिकटपट्टीवर लिहून त्याच खेपेस पाठवावींत, कारण दाब तपासण्याचें यंत्र त्याच कारखान्यांत असतें.